आम्हाला दिवस गेले असते तर?

गेल्या महिन्यात मला साधी सर्दी झाली. दोन दिवस रजा, तीनदा वाफारा, आईला पुण्याला फोन, आणि ‘आता माझं काही खरं नाही’ हे बायकोला उठता-बसता ऐकवणं. ती तेव्हा सातव्या महिन्यात. पाय सुजलेले, तरी डबा घेऊन ८.१२च्या लोकलला हजर!

म्हटलं, हे नऊ महिने आम्हा पुरुषांच्या वाट्याला आले असते तर? पहिली मळमळ झाली की थेट आयसीयू. डोहाळजेवणाला झोपाळ्याऐवजी बुलेटवर बसून फोटो. डोहाळे चिंचेचे नाहीत, बिर्याणीचे; तेही रात्री दोन वाजता. आणि कळा? पहिल्याच कळेला भूल मागितली असती. डॉक्टरकडे नव्हे, खाली लिफ्टमनकडेच!

रजेचं तर विचारूच नका. बायकांना पहिल्या दोन बाळंतपणांना २०१७पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. आम्ही २६ महिने पदरात पाडून घेतले असते. बापाला मात्र केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस. खासगीत कंपनीची मर्जी.

मी बॉसकडे तेवढेच १५ दिवस मागितले. तो म्हणाला, “डिलिव्हरी तुझी आहे का रे?” सगळे हसले. मीही हसलो, आणि तेच जास्त लागलं.

आता आठवा लागलाय. काल रात्री नुसती कूस बदलायला तिला माझा हात लागला. ती झोपल्यावर उठलो, रजेचा मेल लिहिला आणि पाठवून टाकला. उत्तर अजून आलेलं नाही.