पडसे आणि कवायतीचा तास

थंडी पडू लागली की आमच्या शाळेत चिठ्ठ्यांचा हंगाम सुरू होतो. चिठ्ठी गुजरातीत असो वा मराठीत, मजकूर एकच : ‘मुलाला पडसे होईल, तरी कवायतीतून सूट द्यावी.’ मुख्याध्यापक या नात्याने मी वर्षानुवर्षे अशा चिठ्ठ्यांवर सही करीत आलो. आज वाटते, त्यांतील कित्येक सह्या चुकीच्या होत्या.

पडसे विषाणूंमुळे होते. दारेखिडक्या लावून दाटीने बसलेल्या घरात ते एकाकडून दुसऱ्याकडे सहज जाते. मग मैदानावरच्या मुलाला घरात कोंडून आपण त्याचे रक्षण करतो काय?

अमेरिकेतील डेव्हिड नीमन यांनी २००८ साली १००२ प्रौढांची बारा आठवडे पाहणी केली. आठवड्यातून पाच वा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दीपडशाचे दिवस बैठ्या माणसांपेक्षा सुमारे ४३ टक्क्यांनी कमी भरले. व्यायामी माणसाला पडसे होतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण ते सौम्य राहते, लवकर ओसरते. व्यायामाच्या वेळी रक्तातील रक्षक पेशी शरीरभर अधिक वेगाने संचार करतात. हा परिणाम काही तासच टिकतो. म्हणूनच महत्त्व नित्यनेमाला आहे.

अतिरेक मात्र वर्ज्य. १९८७ च्या लॉस एंजल्स मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के लोकांनी अशा आजाराची तक्रार केली. तयारी करूनही न धावलेल्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होते.

आपल्या बडोद्याला हे नवे नाही. जुम्मादादा व्यायाममंदिराची आणि प्रो. माणिकरावांची परंपरा लाभलेले हे गाव. खंड न पाडता रोज थोडे करावे, हा तालमीचा साधा नियम. तो आज आपल्या घरांतून हरवत चालला आहे, आणि त्यात माझ्या सह्यांचाही वाटा आहे.

यापुढे ताप असेल, छाती भरली असेल, अंग मोडून आले असेल, तर मी सही आनंदाने करीन; तेव्हा विश्रांतीच हवी. परंतु चिठ्ठी नुसत्या भीतीपोटी असेल, तर त्या माउलीला सांगेन, ‘बाई, मुलाला स्वेटर घालून पाठवा, पण पाठवा.’ आणि मीही त्याच्याबरोबर मैदानाला दोन फेऱ्या घालीन.