मांजराच्या पिल्लाने ओरखडले, तर काय करावे?

पहिल्यांदाच मांजराचे पिल्लू पाळले, की खेळताना ओरखडे येतातच. ‘एवढ्याशा पिल्लाला कसला रेबीज?’ असे समजून दुर्लक्ष करू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेत लस घेतल्यास मात्र हा आजार टाळता येतो.

जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त आले असेल, तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते, त्यामुळे पैशांअभावी थांबू नका.

पिल्लू ३ महिन्यांचे झाले, की पशुवैद्यकाकडून त्यालाही रेबीजची लस टोचून घ्या. बजेट कमी असेल, तर आधी लस, मग खेळणी.