एबीएस नंतर बसवता येत नाही, भो!

गाडी घेताना मायलेज, लूक, ब्लूटूथ सगळं विचारलं जातं. ब्रेकचं कोण विचारणार?

कॉलेज सुरू झालं की खान्देशातल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे गाडीचा. एरंडोल, पारोळा, धरणगावहून जळगावला अपडाउन करणारे आणि शिरपूर, साक्री, फागण्याहून धुळ्याला येणारे, सगळ्यांची रड सारखीच. एसटीचा पास परवडतो, पण प्रॅक्टिकल लांबलं की बस हुकते. मग कापसाचे पैसे हातात आले की शोरूमची वारी ठरते. तिथं वडिलांचा पहिला प्रश्न असतो, 'ॲव्हरेज किती देते?' तुमचा असतो, 'ब्लॅक कलर आहे का?' आणि हप्ता किती बसेल, हे सेल्समन न विचारताच सांगतो.

किमतीच्या कागदावर मात्र एकाच गाडीची दोन नावं दिसतात. एकापुढे 'एबीएस' लिहिलेलं असतं आणि किंमत चार-पाच हजारांनी जास्त. 'जाऊ दे ना भो, तेवढ्यात चार टाक्या पेट्रोल येईल,' असं म्हणून आपण साधं मॉडेल बुक करतो. रोज साध्या गाडीवर कॉलेजला जाणाऱ्याला एबीएसची खरंच गरज आहे का? की हे महागड्या स्पोर्ट्स बाइकवाल्यांचं काम?

पुढचं चाक अडकलं की खेळ संपला

समोर कुत्रं आलं, रिक्षावाल्यानं अचानक कट मारला, की आपण विचार करून ब्रेक दाबत नाही. घाबरून, सगळा जोर लावून दाबतो. चाक जागच्या जागी अडकतं, पण गाडी पुढे जातच राहते. फिरणारं चाक रस्ता धरून ठेवतं आणि हँडल वळवलं तर वळतं. अडकलेलं चाक नुसतं घसरतं. मागचं चाक अडकलं तर गाडी शेपूट हलवते, सावरता येते. पुढचं अडकलं तर सावरायला वेळच मिळत नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत माणूस आडवा.

एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम. चाकाजवळ खाचा असलेली एक चकती आणि सेन्सर असतो. चाक किती वेगानं फिरतंय हे तो सतत मोजतो. चाक अडकायला लागलंय असं कळताच यंत्रणा ब्रेकचं प्रेशर क्षणभर सोडते, पुन्हा देते, पुन्हा सोडते. हे सेकंदाला कित्येक वेळा होतं. लिव्हर बोटांखाली थरथरतो, पण चाक फिरत राहतं आणि हँडल तुमच्या ताब्यात राहतं.

'पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील' हा सल्ला आपल्याकडे गाडी शिकवणारा प्रत्येक जण देतो. खरं तर ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणजे थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त मागच्यावर भिस्त ठेवणारा गाडी लांबवर घसरत नेतो. पुढचा ब्रेक वापरायची भीती काढायची असेल, तर एबीएससारखा साथीदार नाही.

कायद्यातली फट

बीएमडब्ल्यूनं १९८८ मध्ये के १०० या मोटारसायकलवर एबीएस आणलं, म्हणजे ही काही कालची टेक्नॉलॉजी नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेल्सना आणि १ एप्रिल २०१९ पासून त्या गटातल्या सगळ्याच नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस चालतं.

इथंच गोम आहे. '१२५' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचं इंजिन प्रत्यक्षात १२४ सीसीच्या आसपास असतं. त्यामुळे कॉलेजला जाणाऱ्यांच्या १००, ११० आणि १२५च्या गाड्या एबीएसच्या सक्तीबाहेर राहिल्या. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारनं मसुदा काढून १ जानेवारी २०२६ पासून जवळपास सगळ्याच नव्या दुचाकींना एबीएस लावण्याचा प्रस्ताव मांडला. पण प्रस्तावाच्या भरवशावर राहू नका. समोर उभ्या असलेल्या गाडीला एबीएस आहे की नाही, एवढंच पाहा.

सीबीएस, आयबीएस, एसबीटी ही नावं ऐकून मात्र फसू नका. कंपनीप्रमाणे नाव बदलतं, काम एकच. मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. ही सोय चांगलीच आहे, पण जोरात दाबलं तर चाक अडकणार नाही, याची हमी ती देत नाही. ती हमी एबीएसचीच.

आपला रस्ता, आपली माती

विद्यापीठाकडे, बांभोरीकडे जाणारी पोरं ज्या रस्त्यानं जातात त्याच रस्त्यानं सुरत-नागपूर मार्गावरचे ट्रकही धावतात. जुना सहा नंबर, आताचा ५३. जळगावातली आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली ही रोजची ठिकाणं याच रस्त्यावर. धुळ्याच्या पोरांना आग्रा रोड आणि पारोळा चौफुली चुकत नाही. गाडी शंभर सीसीची असली म्हणून हायवे काही सूट देत नाही.

त्यात आपली काळी माती. पहिला पाऊस झाला की शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना चिकटलेला चिखल डांबरावर सोडत जातात. वर रिमझिम चालू असली की रस्त्यावर साबण सांडल्यासारखं होतं. अशा ठिकाणी ब्रेक जरा जास्त दाबला की चाक अडकलंच. एबीएसची खरी किंमत कळते ती इथं.

थोडं गणित पाहा. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे 'अरे!' म्हणून ब्रेककडे हात जाईपर्यंत एवढं अंतर गेलेलं असतं. वेग ४० वरून ६० झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दीडपट नाही, सव्वादोनपट होतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७, म्हणजे ४४.५ टक्के, दुचाकीवरची होती. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेनं एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या मोटारसायकलींची तुलना केली. एबीएसवाल्यांमध्ये जीवघेण्या अपघातांचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी निघालं. तिथल्या गाड्या मोठ्या आणि रस्ते वेगळे, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण घाबरलेला हात जळगावात काय आणि अमेरिकेत काय, ब्रेक सारखाच दाबतो.

जादू नाही ही

एबीएस आहे म्हणून गाडी जागेवर थांबेल, असं समजू नका. सुट्या खडीवर, वाळूवर उलट अंतर थोडं वाढू शकतं. वळणावर गाडी झुकवलेली असताना साधं एबीएस फार वाचवत नाही. लळिंग घाटात मस्ती करायचा तो परवाना नव्हे. छोट्या गाड्यांवर बहुतेक सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला एबीएस असतं. मागचं चाक अडकू शकतं, पण जास्त धोकादायक पुढचंच, त्यामुळे सिंगल चॅनलही कामाचं. टायर घासून गुळगुळीत झाले असतील तर मात्र कुठलीच यंत्रणा उपयोगाची नाही.

बाबांना पटवायचं गणित

हिरो एक्स्ट्रीम १२५ आर जानेवारी २०२४ मध्ये आली तेव्हा आयबीएस मॉडेलची एक्स-शोरूम किंमत ९५,००० रुपये होती आणि एबीएसची ९९,५००. फरक साडेचार हजारांचा. तीन वर्षांच्या हप्त्यात तो व्याजासकट महिन्याला दीडशे रुपयांच्या आसपास बसतो. म्हणजे महिन्याला एक शेवभाजी कमी. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. पूर्वी ९५ हजारांना असलेली गाडी या हिशोबानं साधारण ७,४०० रुपयांनी उतरते. त्या बचतीत एबीएस निघतं आणि वर चांगल्या हेल्मेटचे पैसेही उरतात. त्याहून छोट्या गाडीला एबीएस बसतच नाही असंही नाही, बजाजनं ११० सीसीच्या प्लॅटिनावरही एके काळी एबीएस दिलं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सीट कव्हर, क्रॅश गार्ड, मोबाइल होल्डर, चांगले टायर, सगळं पुढच्या वर्षी घेता येतं. एबीएस नाही. सेन्सर, चकती, प्रेशर सांभाळणारं युनिट, त्याचा कंट्रोलर हे सगळं कंपनीतूनच गाडीत येतं. कोपऱ्यावरचा मेस्त्री कितीही भारी असला तरी ते नंतर बसवून देणार नाही. हा निर्णय गाडी बुक करण्याच्या दिवशीच होतो.

बजेट कमी असेल तर सेकंडहँडचा पर्याय आहे. एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या १५०-१६० सीसीच्या गाडीला एबीएस असायलाच हवं. चावी फिरवली की मीटरवर एबीएसचा दिवा लागतो का आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो का, ते बघा. लागतच नसेल किंवा विझतच नसेल तर सौदा थांबवा.

ज्यांच्या गाडीला एबीएस नाही

गाडी घरात आधीच असेल, किंवा स्कुटी असेल, तरी घाबरायचं कारण नाही. स्कुटीला निदान पुढे डिस्क असलेलं मॉडेल घ्या. रविवारी रिकाम्या मैदानाजवळच्या कोरड्या, सरळ रस्त्यावर हेल्मेट घालून ताशी वीस-पंचवीसच्या वेगानं ब्रेकचा सराव करा. दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता, लिंबू पिळतो तसा दाब वाढवत न्या. एबीएसवाल्यांनीही हा सराव करावा. लिव्हर थरथरला की घाबरून सोडायचा नाही, धरून ठेवायचा.

आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी हेल्मेट. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. म्हणजे हेल्मेट दोन घ्या.

पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात की ॲव्हरेजचा प्रश्न बाबांनाच विचारू द्या. तुम्ही विचारा, 'याच्यात एबीएसवालं मॉडेल आहे का?'