‘पाय’ : उच्चार एक, कुळं अनेक

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघालं की कोवलम लागतं. मच्छीमारांचं गाव, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, जवळच तमीम अन्सारींचा दर्गा. इथे ‘पाय’ हा शब्द मराठी कानाला हमखास चकवतो.

तमिळमध्ये पाय म्हणजे चटई, आणि शीडसुद्धा! ‘मरम’ म्हणजे झाड किंवा लाकूड, म्हणून डोलकाठी झाली ‘पाय्मरम’. क्रियापद म्हणून वापरलं तर पाय म्हणजे झेपावणं, वेगाने वाहणं. शब्द अस्सल द्राविडी. मल्याळममध्येही चटई आणि शीड दोन्ही ‘पाया’च.

खरी गंमत लिपीत आहे. तमिळमध्ये प, फ, ब, भ या चौघांना एकच अक्षर. त्यामुळे मुसलमान माणसाला म्हटलं जाणारं ‘भाई’ लिहिलं की हुबेहूब ‘पाय’सारखंच दिसतं. दुकानाच्या पाटीवर भाई आहे की चटई, हे संदर्भावरूनच ओळखायचं.

आपला पाय संस्कृत ‘पाद’वरून आला. पोर्तुगीजांचा ‘पाय’ म्हणजे बाप, लॅटिन ‘पातेर’च्या कुळातला. थाईमध्ये पाय म्हणजे जाणं, न्यूझीलंडच्या माओरीत चांगलं. वर्तुळाचा पाय हे ग्रीक अक्षर. त्याचं फिनिशियन मूळ ‘पे’, म्हणजे तोंड.

तमिळ-मल्याळमची जोडी सोडली, तर यातल्या कुणाचंच कुणाशी नातं नाही. उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळवण्याचा मोह आपल्याकडे फार होतो, तो टाळायला हवा. तुम्हाला येणाऱ्या एखाद्या भाषेत ‘पाय’ असेल, तर अर्थासकट जरूर कळवा.