डाउन सिंड्रोम आणि डोळ्यातील भिंग

मोतीबिंदू म्हटला की आपल्यापुढे आजोबांची काठी आणि डोळ्यावरची हिरवी पट्टी उभी राहते. म्हातारपणाचा हा पाहुणा पाळण्यातल्या बाळाकडे किंवा पस्तिशीच्या तरुणाकडे येईल, असे सहसा मनात येत नाही. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्यांकडे मात्र तो पुष्कळदा असा अवेळी येतो, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता लागत नाही.

प्रथम भिंगाची घडण पाहू. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्यात थरावर थर चढतात. जुना थर गळून पडत नाही. तो आतच दाबला जातो. आईच्या पोटात तयार झालेला गाभा मरेपर्यंत तोच राहतो. तेथे रक्तवाहिन्या नाहीत, आणि झीज भरून काढण्याची फारशी सोयही नाही. भिंगातील प्रथिने शिस्तीने उभी आहेत तोवर प्रकाश आरपार जातो. ती एकमेकांना चिकटली, की शिजलेल्या अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणे भिंग दुधाळ होते.

ज्या अवस्थेचे वर्णन इंग्लंडातील डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली केले, तिचे मूळ १९५९ मध्ये पॅरिसच्या लेज्यून, गोतिए व त्युर्पँ यांनी उघड केले. या व्यक्तींच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा असते. योगायोग असा, की भिंगातील एका प्रमुख प्रथिनाचा साचा याच गुणसूत्रावर आहे. आणि अल्झायमरच्या विकारात मेंदूत साचणाऱ्या अमिलॉइडचा मूळ साचाही तेथेच. डाउन सिंड्रोमच्या भिंगांतही अमिलॉइड साचते, असे बोस्टनच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. अल्झायमरच्या रोग्यांच्या भिंगांत मात्र इतर काही संशोधकांना ते सापडले नाही. तेव्हा हा वाद मिटला असे म्हणता येणार नाही.

भिंग स्वच्छ असले तरी सारे आलबेल असते असे नव्हे. जवळचे पाहताना भिंगाने फुगीर व्हावे लागते. यांपैकी बहुसंख्य मुलांना ते पुरेसे जमत नाही. कार्डिफ विद्यापीठातील अभ्यासानंतर अशा मुलांना दुहेरी काचांचा चष्मा देण्याची पद्धत रूढ झाली. पुस्तक दूर सारणाऱ्या मुलाला आपण हट्टी म्हणतो. त्याला अक्षर दिसते का, हे कितीजण विचारतात?

जन्मतःच दाट मोतीबिंदू असेल, तर वाट पाहणे घातक होय. पाहायला शिकतो तो मेंदू, आणि त्याचे धडे पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतात. पुढे भिंग काढले तरी न शिकलेला मेंदू पुरते पाहत नाही. म्हणून नवजात बाळाच्या बाहुलीत प्रकाश टाकून आतील लाल झळाळी दिसते ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

प्रौढांची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते अधिक दुर्लक्षित. चाळिशीतला माणूस जिना उतरायला घाबरू लागतो, ताटातली भाजी चाचपतो, संध्याकाळी बाहेर जायला नको म्हणतो. “मला अंधुक दिसते” असे सांगणे त्याला साधत नाही. या लोकांना स्मृतिभ्रंशही लवकर गाठतो, हे आता घरच्यांना ठाऊक असते. म्हणून तेच निदान मनाशी ठरवून ती स्वस्थ बसतात. स्मृतिभ्रंशाला उतारा नाही, मोतीबिंदूला आहे. आधी डोळा पाहावा, मग मेंदूकडे वळावे.

शस्त्रक्रिया इतरांसारखीच: गढूळ भिंग काढून कृत्रिम बसवतात. फक्त यांना पुष्कळदा पूर्ण भूल द्यावी लागते. हृदयातील जन्मजात दोष आणि मानेच्या मणक्यांतील सैलपणा यांची माहिती भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी द्यावी. डोळे चोळण्याची सवयही यांच्यात फार. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री डोळ्यावर कडक झाकण ठेवून कुणीतरी उशाशी बसावे लागते.