पाळी आली की शब्द अडतात का?

"उद्या तोंडी परीक्षा आणि नेमकी आजच पाळी आली. आता शब्द सुचतील ना?" हा धसका ओळखीचा आहे ना?

पाळीच्या दिवसांत इस्ट्रोजेन कमी असतं, नंतर वाढतं. मेंदूतल्या पेशींनाही ते जाणवतं. १९९० मध्ये कॅनडातल्या एलिझाबेथ हॅम्पसन यांना दिसलं, की इस्ट्रोजेन जास्त असताना बायका भरभर उच्चार करण्यात थोड्या सरस ठरतात. झालं, 'पाळीत डोकं चालत नाही' म्हणणाऱ्यांना आयतंच निमित्त!

पण २०२५ मध्ये १०२ शोधनिबंध, म्हणजे ३,९४३ जणींची माहिती, एकत्र तपासली. भाषा असो की स्मरणशक्ती, चक्राप्रमाणे बदलणारा ठोस फरक सापडला नाही.

पोटदुखी आणि अपुरी झोप मात्र खरी. त्यांची काळजी घ्या. शब्द कुठे जात नाहीत!