चित्राला दमट हवा बाधते

खोपोलीतल्या एका घरी माथेरानच्या निसर्गचित्राची छापील प्रत पाहिली. तीन पावसाळ्यांत कागद काचेला चिकटलेला, आकाशभर तांबूस ठिपके. घाटापलीकडे मळवलीला 1899 मध्ये आलेल्या रविवर्मा प्रेसची दगडी छपाईची चित्रं अजून टिकून आहेत. मग हे का नाही?

प्रत घेताना दुकानदाराला शाई विचारा. डाय शाईत रंग विरघळलेला असतो, उजेडात लवकर उडतो. पिगमेंटचे घन कण दीर्घकाळ टिकतात. कागद सुती, आम्लरहित हवा. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन पिवळं पडतं. चित्र आणि काच यांत माउंटची फट ठेवा. फ्रेममागे बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते. (पालही खेळते, पण चालायचंच.) पावसाची झड खाणारी भिंत मात्र टाळा.